अजून थोड्या खाली

“तारा उंच आहेत काका, दाबताना बोटं दुखतात,” म्हणत तिने नवी इलेक्ट्रिक गिटार तिसऱ्यांदा दुरुस्तीवाल्या काकांपुढे ठेवली. “नवी चप्पल चावतेच पोरी,” काका हसले. पण फुटपट्टीने तारांची उंची मोजताच त्यांचं हसू मावळलं. “आणखी खाली घेतल्या तर दांडीवरच्या पट्ट्यांना लागून खडखडतील.” “खडखडू देत.” तिने डावा हात खिशात घातला. बाबांच्या बोटांतून आधी गिटारच्या तारा सुटल्या होत्या, मग शर्टाची बटणं, मग चमचा. त्यांच्याही तारा याच काकांनी पाच वेळा खाली घेतल्या होत्या. आज तरी दोष गिटारचाच निघू दे, असं ती मनात घोकत होती. काकांनी नुसत्या करंगळीने तार दाबून छेडली. सूर खणखणीत उमटला. “काका, अजून थोड्या खाली घ्या ना,” ती घाईघाईने म्हणाली. हे वाक्य बाबांचं होतं.