एकच पार्ट बाकी

"रोटर सोडून सगळं मिळालं, अंकल!" दिशाने पिशवी बॉनेटवर आपटली. "फॅनबेल्ट, होजपाइप, प्लग. अख्खा कुर्ला पालथा घातला, यार!"

"रोटर राहू दे," हेन्री जीपखालून म्हणाला. "बघू त्याचं."

वाकोल्याच्या गावठाणात, हेन्रीच्या अंगणात ही मिलिटरीची जुनी जीप दोन वर्षं उभी होती. त्याआधी त्याने भंगारवाल्यांकडे अशा किती जीप बघितल्या, कोण जाणे. वाकून चेसिसचा नंबर वाचायचा आणि मान हलवून परत यायचं. काही तर एकदम झकास होत्या. आणि शेवटी मानखुर्दहून आणली कुठली, तर ही. हिच्या पत्र्यातून बोट आरपार जायचं.

दिशा मागच्या बिल्डिंगमधली, दहावीतली. तिचं शटल एकदा जीपमध्ये पडलं. ते घ्यायला आली आणि पाना हातात घेऊन बसली. तेव्हापासून दर रविवारी हजर. बायको, शर्ली आंटी, गेल्यापासून हेन्रीच्या घरात रेडिओसुद्धा लागत नव्हता. दिशा असेपर्यंत काय तो आवाज. ती गेली की फक्त नळाची टिपटिप.

"पण हा रोटर करतो काय?" तिने विचारलं.

हेन्री बाहेर आला. त्याने डिस्ट्रिब्युटरची काळी कॅप उघडून आतली रिकामी जागा दाखवली. "अंगठ्याएवढा असतो. गोल फिरतो आणि एकेका प्लगला करंट देतो. तो नसला की झालं. बॅटरी नवी असू दे, टाकी फुल असू दे, गाडी ढिम्म. आम्ही ड्रायव्हर लोक गाडी सोडून कुठे गेलो की रोटर काढून खिशात टाकायचो. सवयच."

"म्हणजे चोराची वाट लागली!"

"हो," हेन्री म्हणाला. "चोराची."

त्याने कॅप पुन्हा लावली. कपड्याने पुसली. परत पुसली.

घरात त्याच्या पलंगाशी एक फोटो होता. जीपला टेकून दोन तरुण. दिशाने आज तो हातात घेतला.

"हे तुम्ही? आणि हा कोण?"

"काशीराम. मालवणकडचा. एका ताटात जेवायचो आम्ही."

"आणि जीप?"

"हीच."

"काय सांगता!" दिशा किंचाळलीच. "म्हणून नंबर बघत फिरत होतात!"

हेन्रीने चहाचं पाणी ठेवलं. तिच्याकडे पाठ करून तो बोलत राहिला. पहाडातली पोस्ट. एका संध्याकाळी काशीरामच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. हॉस्पिटल तीस किलोमीटर खाली. पोस्टवर गाडी ही एकच, आणि ती सुरूच होईना. पोरांनी धक्का मारला, उतारावरून सोडून बघितली. नाहीच. मग त्याला खांद्यावर घेऊन निघाले. तो वाटेतच गेला.

"तुम्ही कुठे होतात?"

"सुट्टीवर. त्याच सकाळी रेशनच्या ट्रकमधून निघालो होतो. माझं लग्न होतं गो."

"आणि फॉल्ट काय होता?"

"थंडीने इंजिन गारठलं, असं कागदावर लिहिलं. मी परतलो तोवर हिला ओढून खाली नेली होती."

काशीरामची मुलगी उत्तरा तेव्हा चार महिन्यांची होती. आता ती मुलुंडला असते. महिन्यातून एकदा हेन्रीला फोन करते. त्याला येणारे बाकीचे फोन बँकेचे.

"पुढच्या रविवारी तिला बोलावलंय," हेन्री म्हणाला. "गाडी तिच्यासमोर सुरू करायची. तिला काही सांगायचंय."

"फोनवर सांगा ना."

"पन्नास वर्षं झाली. फोनवर नाही जमलं."

रविवारी हेन्रीने मिलिटरीतला जुना शर्ट घातला. पोटावर बटणं लागत नव्हती. उत्तरा मालवणी खाज्याची पुडी घेऊन आली आणि फाटकातच थांबली.

"हीच का ती, काका?"

"हीच."

"आई शेवटपर्यंत हिलाच शिव्या द्यायची. म्हणायची, या मेलीने माझा माणूस खाल्ला."

"गाडीचा काय दोष," हेन्री हळूच म्हणाला.

"आणि म्हणायची, हेन्रीभावजी असते तर हे वाचले असते. गाडी त्यांचं ऐकायची." उत्तराने त्याच्या हातावर हात ठेवला. "बाबांचं म्हणून कोण उरलंय आता? तुम्ही एकटेच."

हेन्रीने हात सोडवला नाही. तसाच तिला जीपपाशी घेऊन गेला. मग म्हणाला, "बस. स्टेअरिंगवर बस."

"सरप्राइज!" दिशाने खिशातून कोरी डबी काढली. "शेवटी मिळाला रोटर! सहा दुकानं फिरले!"

"ठेव तुझ्याकडे," हेन्री म्हणाला. "तो नको."

"अहो, पण त्याच्याशिवाय सुरू कशी होणार?"

हेन्रीने शर्टाच्या खिशाचं बटण उघडलं. आतून रुमालाची घडी काढली, ती उलगडली. अंगठ्याएवढा, जुना, तपकिरी रोटर. त्याने न बघताच तो जागेवर बसवला आणि कॅप लावली.

"खालचं बटण पायाने दाब, उत्तरा."

जीप पहिल्याच फटक्यात सुरू झाली. अंगण थरथरलं. उत्तरा एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. दिशा तर नाचायलाच लागली.

"कसला परफेक्ट बसला!" ती इंजिनाच्या आवाजावर ओरडली. "अंकल, हा तुम्हाला मिळाला कुठे?"

हेन्री दिशाकडे बघत नव्हता. तो उत्तराकडे बघत होता.

"लग्नासाठी घरी पोचलो," तो म्हणाला, "तेव्हा खिशात सापडला."