मोहित्यांचा रकाना

बॉयलर पेटवण्याचा परवाना दूधसंघाने त्या सकाळी चारदा मागितला आणि कमलिनीबाई रणदिव्यांच्या प्रतीने तो चारही वेळा नाकारला. बाई संघाच्या सुरक्षा अधिकारी होत्या; निवृत्तीच्या दिवशी त्यांची पारख संगणकात उतरवून ही प्रत केली होती. ती एका बंद कप्प्यात राही, समोर आलेला फॉर्म वाची आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणू शके.

“बाई, दूध नासतंय. प्रत बिघडलीय, पुसायला तुमची सही द्या,” घरून बोलावून आणलेल्या बाईंना व्यवस्थापक केळुसकर म्हणाले.

बाईंनी नवा फॉर्म वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बॉयलर अटेंडंटच्या शेऱ्याचा रकाना कुठे गेला?”

“फॉर्म लांबत होता, म्हणून काल काढला.”

“चाळीस वर्षं तो शेरा वाचल्याशिवाय मी सही केली नाही. माझी प्रत कशी करील? बोलवा मोहित्यांना!”

मोहिते हात पुसत आले. “बाई, वाफ सोडायची झडप कालपासून अडकलीय. पेटवला असता तर फुटला असता. पण लिहायचं कुठं?”

केळुसकरांचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी पेनाचे टोपण उघडलेही नाही.

“तोंड दाबून बुक्क्यांचा मार दिलात तिला, तरी तिनं इमान सोडलं नाही. पुसायचाच असेल तर हा फॉर्म पुसा!”