धारेची वस्तू

कमलाबाईंनी सुरी सुनेच्या पुढ्यात फरशीवर ठेवली आणि हात मागे घेतला. संघमित्राने ती उचलली आणि पेरू चिरायला घेतले. हितेंद्रने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

रविवारची सकाळ होती. हितेंद्रची बहीण आकांक्षा लालबागच्या त्या दोन खोल्यांत दोन दिवस माहेरपणाला आली होती. ‘मीपण चिरते, आणखी एक सुरी दे,’ असं ती आईला म्हणाली. कमलाबाईंनी फळीवरची दुसरी सुरी काढली आणि सरळ लेकीच्या हातात दिली.

हितेंद्रने ते पाहिलं. न पाहून सांगतो कुणाला! शाळेत हितेंद्र सरांची नजर म्हणजे नजर होती. परीक्षेत तिसऱ्या बाकावरच्या पोराने बाहीतून चिठ्ठी काढायच्या आत सर त्याच्या डोक्याशी उभे असत. घरी आल्यावर मात्र त्या नजरेला सहा वर्षं वर्तमानपत्राबाहेरचं काही दिसत नव्हतं.

लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी सुरी पहिल्यांदा अशी खाली ठेवली गेली. संघमित्रा नायगावच्या बौद्ध कुटुंबातली. कमलाबाईंनी लग्नाला आढेवेढे न घेता होकार दिला होता, आणि त्याबद्दल हितेंद्र मित्रांकडे आईचं कौतुक करून थकत नव्हता. त्या संध्याकाळी गॅलरीत उभं असताना संघमित्राने त्याला विचारलं, की आईंनी सुरी हातात का नाही दिली. हितेंद्रने पटकन सांगून टाकलं, की धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं, आमच्यात तशी रीतच आहे. अशी रीत पुष्कळ घरांत आहे. त्याच्या घरात ती कधीच नव्हती.

संघमित्रा परळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. सर्जनने न बघता हात पुढे करायचा आणि हिने त्याच्या तळव्यावर नेमकं हत्यार ठेवायचं, हेच तिचं दिवसभराचं काम. ती हसून म्हणाली, मग माझी डॉक्टरांशी रोज पन्नास भांडणं व्हायला हवीत. विषय तिथेच संपला. इतकं चांगलं उत्तर इतक्या चटकन सुचलं, याचा हितेंद्रला तेव्हा थोडा अभिमानच वाटला होता.

कमलाबाईंच्या जिभेला धार म्हणून नव्हती. सुनेला त्या ‘बाळ’ म्हणत. तिची रात्रपाळी असली की तिच्या आवडीचं सुकट करून डबा भरून ठेवत. फक्त तो डबा ओट्यावर ठेवत. सुरीनंतर मीठ खाली ठेवलं गेलं, मग तिखट, मग चहाचा कपही. कपाला कसली धार असते, हे हितेंद्रला कुणी विचारलं नाही, आणि त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

पेरू चिरून झाले. आकांक्षाने फोडी वाट्यांत भरल्या, वर तिखटमीठ भुरभुरलं. वाटायचं काम पाच वर्षांच्या बकुळाने हट्टाने मागून घेतलं. एक वाटी तिने आत्याच्या हातात दिली, एक आजीच्या, एक बाबाच्या. चौथी वाटी तिने दोन्ही हातांनी जपून आणली आणि आईच्या पुढ्यात फरशीवर ठेवली. ठेवून झाल्यावर हात मागे घेतला, अगदी आजीसारखा.

‘‘अगं बकू, आईच्या हातात दे ना,’’ हितेंद्र म्हणाला.

‘‘आईला हातात द्यायचं नाही. भांडण होतं,’’ बकुळा म्हणाली. ‘‘बाबा, तूच तर सांगितलंस.’’

सांगितलं होतं खरं. गेल्या गणपतीत तिने विचारलं होतं, की आजी आईला सगळं खाली का ठेवून देते. त्याने तेच उत्तर दिलं होतं. त्या वेळी तर ते सुचायचीही गरज पडली नव्हती.

आकांक्षा आईकडे बघत राहिली, मग भावाकडे. गॅसवर काहीच नसताना कमलाबाई गॅस बघायला उठल्या. हितेंद्रचा चेहरा शरमेने उतरला. पाच वर्षांच्या पोरीने भर घरात आपली चिठ्ठी पकडली, असं त्याला वाटलं, आणि समोर बघायचा धीर होईना.

संघमित्राने आवाज चढवला नाही. तिने वाटी उचलली, परत बकुळाच्या हातात दिली आणि आपले दोन्ही तळवे पुढे केले. ‘आता दे,’ म्हणाली. बकुळाने आधी बाबाकडे पाहिलं. बाबाने मान हलवली, तेव्हाच तिने वाटी आईच्या हातात ठेवली.

वाटी घेऊन संघमित्रा गॅलरीत गेली. हितेंद्र मागोमाग गेला. तो एवढंच म्हणाला, की त्या वेळी तुझा विश्वास बसला असं मला वाटलं होतं.

‘‘नव्हता बसला. मला तेव्हाच कळलं होतं,’’ संघमित्रा म्हणाली. ‘‘पण ते खोटं सांगताना तुझे कान लाल झाले होते. म्हटलं, ज्याला एवढी लाज वाटते, तो आज ना उद्या आईंशी बोलेल. सहा वर्षं मी त्या भरवशावर काढली.’’