राऊटर कोण बंद करतं?

“ताई, लाईन एकदम ठणठणीत आहे. गडबड घरातच आहे.”

नेटवाल्या मेकॅनिकने आपला लॅपटॉप वायरने राऊटरला जोडला होता. पडद्यावरचा काटा शंभरापैकी चौऱ्याण्णववर जाऊन थांबला. तीनदा तपासलं, तीनदा तेच. मग त्याने राऊटरमधल्या नोंदी उघडल्या आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

“स्पीड कमी होतच नाही. राऊटरच बंद होतोय, दिवसातून दोन-तीनदा. लाईट जातात का?”

“नाही हो.”

“मग कोणीतरी बटण बंद करतंय,” तो म्हणाला, आणि वायर गुंडाळत पॅसेजमधल्या बंद दाराकडे बघू लागला. राऊटर त्या दाराला लागूनच होता. दारामागे सासरे होते.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरून काम करायची. लोकांच्या ऑनलाईन मीटिंगा ऐकायच्या आणि कोण काय बोललं ते टाईप करायचं. मीटिंग सुरू झाली की हजर पाहिजे, सबब चालायची नाही. आणि मधल्या सुट्टीनंतर खुर्चीत येऊन बसावं, तर नेट गायब! राऊटर पुन्हा जागा होईपर्यंत चार मिनिटं जायची. दोन ताकिदी मिळून झाल्या होत्या. तिसरीला नोकरी जाणार होती, आणि ही नोकरी करू दे म्हणून तिने नवऱ्यापुढे सहा वर्षं डोकं फोडलं होतं.

गेले दोन आठवडे तिने काय काय करून पाहिलं नव्हतं! वरच्या मजल्यावरच्यांवर संशय घेऊन दोनदा पासवर्ड बदलला. जिन्यात भेटल्यावर त्यांच्याशी तुटक बोलली. मोबाईल घेऊन खोल्याखोल्यांतून स्पीड तपासत फिरली. आणि चोर निघाला घरातलाच.

बरं, नुसतं बटणाचं असतं तरी एक वेळ सोडून दिलं असतं. पण तिने दुपारी आईला फोनवर काही सांगावं आणि संध्याकाळी ते नवऱ्याच्या तोंडून ऐकावं, असंही चाललं होतं. परवा ती आईला म्हणाली, “जीव विटलाय गं, चार दिवस येऊ का?” जेवताना नवऱ्याने भाजी वाढून घेत विचारलं, “मग, माहेरी कधी निघालीस?” तिचा घास हातातच राहिला. मोबाईलला रेंज मिळायची ती हॉलच्या खिडकीपाशीच, आणि म्हाताऱ्याचं दार तिथून दहा पावलांवर. म्हणजे कान लावून ऐकायचं, लेकाला सांगायचं आणि वर नेटही बंद करायचं. वा रे वा! आणि वागायचं किती साळसूद! चहाचा कपसुद्धा स्वतः विसळून ठेवतात.

मेकॅनिक गेल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला.

“बाबाच असणार,” तो पटकन म्हणाला. “तुझी नोकरी त्यांना कधी पटलीय?”

“मग तुझ्या कॅमेऱ्यात बघ ना एकदा.” तीन महिन्यांपूर्वी सासरे न्हाणीघरात घसरले, तेव्हा त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून त्याने हॉलमध्ये कॅमेरा बसवला होता.

“नेट गेलं की कॅमेराही बंद. त्यात काय डोंबल दिसणार?” त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुट्टीत ती खिडकीपाशी गेली. फोन कानाला लावला, पण लावला नव्हता कोणालाच. “हं, आई, बोल,” असं मोठ्याने म्हणून ती नुसतीच बोलत राहिली. या वेळी पाठ खिडकीकडे होती आणि नजर पॅसेजवर.

दार हळूच उघडलं. सासरे भिंतीला धरून बाहेर आले. त्यांनी मान उचलून हॉलच्या कोपऱ्यात वर बघितलं आणि राऊटरचं बटण दाबलं. हिरवे दिवे विझले.

“बाबा!” ती धावलीच. “लाज नाही वाटत? माझी नोकरी गेली की गार वाटेल का तुम्हाला? आणि माझं बोलणं चोरून ऐकता, लेकाला जाऊन सांगता! काय घोडं मारलंय मी तुमचं?”

सासऱ्यांचा हात बटणावरच होता.

“मी नाही सांगत गं, सूनबाई. तिथलं बोलणं मला कळतही नाही, नुसता आवाज येतो. तो ऐकतो. त्या कॅमेऱ्यातून. त्या दिवशी गॅलरीत बसला होता, आणि त्याच्या मोबाईलमधून तुझा आवाज येत होता, आईशी आदल्या दिवशी बोललेलीस तोच. तू तर बाजारात गेली होतीस. तेव्हापासून तू खिडकीपाशी गेलीस की मी बंद करतो, फोन ठेवलास की चालू करतो. परवा डोळा लागला, तेवढं राहून गेलं. कॅमेरा काढला असता तर त्याने दुसरा लावला असता. नेट काय, जातच असतं.”

तिला परवाचं जेवण आठवलं. त्याआधीची कितीतरी जेवणं आठवली. मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं होती, तरी ती तिथेच उभी होती.

“मग मला सांगितलं का नाहीत? दोन आठवडे मी वरच्यांवर संशय घेतला, कालपासून तुमच्या नावाने खडे फोडतेय. एका शब्दाने सांगायचं होतं!”

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

“कोणत्या तोंडाने सांगू? तुझी सासू तिच्या आईशी फोनवर बोलायची, तेव्हा मी दाराआड उभा राहून ऐकायचो. आणि हा माझं बोट धरून शेजारी उभा असायचा.”