मुरलेल्या काठ्या

“जुन्या दाखवा,” टॅम म्हणाला. “वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या.”

पिटकेर्ननं चष्म्यावरून पाहिलं. त्याच्या दुकानात गोल्फच्या वापरलेल्या काठ्या मिळत, आणि गिऱ्हाईक यायचं ते स्वस्तात नव्यासारखं काही मिळतंय का ते बघायला. पैसे देऊन जुनाट मागणारा हा पहिलाच.

“पहिल्यांदाच घेताय ना?”

“हो. पण तसं दिसता कामा नये.”

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून टॅम बसनं दोन गावं ओलांडून आला होता. फाइफच्या गोल्फवेड्या किनाऱ्यावर साठीच्या माणसाला गोल्फ येत नाही, हे कोळ्याच्या पोराला पोहता न येण्यासारखं. त्यातून हा गडी नऊ वर्षं दर शनिवारी बायकोला “गोल्फला चाललो” सांगून घराबाहेर पडत होता.

जात होता तो कबुतरांकडे. शर्यतीच्या कबुतरांचं वेड त्याला लहानपणापासूनचं. पण छपरावर शीट, वाळत घातलेल्या चादरींवर शीट, आणि सहलीसाठी साठवलेले पैसे पाखरांच्या पोटात, हे त्याच्या बायकोनं, एफीनं, किती दिवस सोसायचं? नऊ वर्षांपूर्वी तिनं निर्वाणीचं सांगितलं होतं. “या घरात कबुतरं राहतील, नाही तर मी.” एफी बोलली की बोलली. टॅमनं तिच्यासमोर हात वर करून शपथ घेतली आणि त्याच आठवड्यात सगळी पाखरं डॉड नावाच्या दोस्ताच्या परसात हलवली.

गोल्फचं नाव घेतलं की त्या गावात कोणतीही बायको पुढचं विचारत नाही. काठ्या कुठंयत म्हटलं तर क्लबातल्या कपाटात. संध्याकाळी तो परतायचा तेव्हा एफीही परसात राबून आल्यासारखी लालबुंद असायची, आणि दोघं मुकाट्यानं चहा प्यायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि सोमवारी ओटची खीर वाढता वाढता एफी म्हणाली, “क्लबातली कपाटं बदलताहेत म्हणे. या शनिवारी तुझ्या काठ्या घरी घेऊन ये. मी पुसून ठेवीन.”

टॅमनं चमचा खाली ठेवला. हिला कोणी सांगितलं? पाववाल्याकडे कळलं असणार. पावाच्या आधी बातम्या भाजून निघतात तिथं.

दुकानात पिटकेर्ननं एक भारदस्त संच काउंटरवर मांडला.

“हे केवढ्याला?”

पिटकेर्ननं आकडा सांगितला. टॅमनं हातात घेतलेली काठी परत ठेवली.

“त्याच्या निम्मे आहेत माझ्याकडे.”

“मग संचही निम्माच घ्या. नवशिक्यानं चौदाच्या चौदा काठ्या वागवल्या तर खांदा तेवढा दुखतो. पाच, सात, नऊ नंबरच्या घ्या, एक लांब मारायची, एक भोकात ढकलायची. बास. हातात धरून बघा.”

“मला काय कळतंय? बायकोला पटलं पाहिजे. शेवटी तिच्याच हातात जायच्यात.”

“असं होय,” पिटकेर्न हसला. “हे आधी नाही का सांगायचं?” त्यानं भारदस्त संच परत उचलला आणि कोपऱ्यातून एक विटकरी पिशवी ओढून आणली. काठ्या झकास मुरलेल्या होत्या. मुठी काळवंडलेल्या, लोखंडावर ओरखडे.

“हलक्या वाटतात,” टॅम म्हणाला.

“हलक्याच असतात. घरून तक्रार आली तर पैसे परत.”

शनिवारी डॉडच्या परसात टॅमनं त्या काठ्या चिखलात घोळवल्या. डॉड पोट धरून हसत होता. “शीट तेवढी लागू देऊ नकोस,” तो म्हणाला. “चिखल खपेल. शीट लागली तर सामान घेऊन माझ्याकडेच राहायला ये.” टॅमला हसू आलं नाही. चाळीस वर्षांचा संसार पाच काठ्यांवर टेकला होता.

घरी एफीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. एकेक काठी काढून ती ओल्या फडक्यानं पुसू लागली. एक डोळा मिटून तिनं दांडी सरळ आहे का पाहिलं, सात नंबरची हातात तोलली. टॅम किटलीशी खुडबुड करत उभा होता. पाणी केव्हाच उकळलं होतं.

“चांगल्या ठेवल्यास हो,” एफी म्हणाली.

टॅमच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं मोकळं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तो खिमा-बटाटा दोनदा मागून जेवला. तोंड सैल सुटलं, तसा चौथ्या भोकापाशी मारलेला एक फटकाही त्यानं रंगवून सांगितला.

“ओढ्याच्या पलीकडे?” एफीनं विचारलं.

“एका दमात.”

“वा,” म्हणत तिनं त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. किती भली बाई आहे ही, टॅमच्या मनात आलं, आणि आपण उगाच भ्यालो हिला.

“टॅम,” एफी म्हणाली, “या बायकांच्या काठ्या आहेत.”

काटा ताटात पडला. “तुला काय कळतंय त्यातलं?” तो कसाबसा म्हणाला.

“पहिल्याच शनिवारी तू डबा विसरला होतास. तो द्यायला क्लबावर गेले. तू नव्हतास, पण खेळणाऱ्या बायकांत एक जण कमी पडत होती. तेव्हापासून दर शनिवारी जाते. माझ्या काठ्या आजच आणून जिन्याखाली ठेवल्यात.”

टॅम म्हणाला, “म्हणजे कबुतरं...”

“ती डॉडकडेच राहू देत,” एफी म्हणाली. “माझा शनिवार मोडायचा नाही.”