होड्यांना हात लावू नये

नगरपालिकेने या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रवाशांसाठी जे पत्रक छापले आहे, त्यातील पहिल्या सूचना निर्दोष आहेत. गोचिडांपासून बचावासाठी लांब मोजे घालावेत. गावात दुकान नाही, पाव बरोबर आणावा. समुद्र जूनमध्येही गारठवतो. मग येते ती अशी : 'पाइनच्या जंगलातील जुन्या होड्यांच्या तळाला भोके आढळतील. मृत कोळ्याचा आत्मा सागराकडे परतावा म्हणून ती पाडण्याची येथे प्राचीन रूढी होती. पावित्र्य राखावे. होड्यांना हात लावू नये.'

रूढी प्राचीन असेल, तर ती सगळ्या होड्यांवर एकाच दुपारी पाळली गेली, हे नवल. शिवाय ज्या कोळ्यांच्या आत्म्यांची एवढी सोय झाली, ते त्या वेळी जिवंत होते. त्यांना रांगेत उभे करून हा विधी पाहायला लावले होते. डांबराने टिकलेल्या लाकडात प्रत्येक भोकाच्या कडेला एकच उभा कंगोरा आजही दिसतो, कारण या प्राचीन परंपरेजवळ एकच कुऱ्हाड होती आणि तिच्या पात्याला एक खाच पडलेली होती. सोव्हिएत सीमारक्षकांना एवढेच हवे होते, की कोणी होडी काढून समुद्रापलीकडे स्वीडनला पळू नये. अध्यात्म नंतर आले.

किनाऱ्याची खरी रूढी साधी आहे. लीगोच्या, म्हणजे जूनमधल्या सर्वांत लहान रात्रीच्या सणाला वाळूवर आग पेटते आणि म्हातारी झालेली होडी त्या आगीला दिली जाते. यंदा त्या दिवशी झेल्मा आपल्या वडिलांची होडी त्या आगीसाठी न्यायला जंगलात आली. सत्तरी उलटलेली बाई, काखेत गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी. होडीशेजारी व्हार्निशचे डबे रचलेले होते. सोमवारी होडीला चौथऱ्यावर कायमची बसवणार होते. पर्यटन अधिकारी व्हिलिस, याच गावचा, डोक्यावर सणाचा ओकच्या पानांचा मुकुट चढवून रीगा शहरातून आलेल्या प्रवाशांना आत्म्याची वाट समजावून देत होता.

"मावशी, आज नको," तो हळूच म्हणाला. "सणासुदीचा तमाशा नको."

"तमाशा तू मांडलायस, तिकीट लावून. मी माझ्या बापाची होडी न्यायला आलेय."

"ती आता वारसा आहे."

"माझ्याच बापाचा ना? मग धर एक टोक."

प्रवाशांतल्या एका दाढीवाल्याने अदबीने विचारले, "पण आजी, आत्म्याचं मग..."

"आत्मा त्या दिवशी त्याच्या अंगातच होता, बाळा. इथंच उभा होता, तुझ्यासारखा. तो बाहेर काढायचं काम त्यांनी पुढं सैबेरियात केलं."

झेल्माने गोणपाट सोडले. आत कुऱ्हाड होती. तिने पाते भोकाच्या कडेला टेकवले. कंगोरा पात्याच्या खाचेत नेमका बसला.

"आमच्याच पडवीतली ही. मागून नेली आणि संध्याकाळी परत आणून दिली. वर आईला 'आभारी आहे' म्हणाला. माणूस रीतीभातीचा होता." तिने कुऱ्हाड व्हिलिसपुढे धरली. "कोण आला होता मागायला, ते मी सांगू यांना, का तू सांगतोस?"

व्हिलिसने कुऱ्हाड घेतली नाही. दाढीवाल्याने पिशवी खाली ठेवली, वाकून होडीचे नाळेकडचे, पुढचे टोक धरले. मग आणखी दोघे वाकले, मग सगळेच. होडी जमिनीवरून सुटली, तेव्हा तिच्या तळाच्या भोकातून वर्षानुवर्षे साठलेली पाइनची सुईसारखी पाने गळत राहिली. व्हिलिसने त्यांना अडवले नाही. डोक्यावरचा मुकुट तेवढा काढला. मग तो जे बोलला, ते एक अक्षरही न बदलता देतो :

"मागायला आले ते माझे वडील. घावही त्यांचेच. रूढी मी रचली. पत्रक छापून आलं तेव्हा त्यांना वाचून दाखवलं, आणि त्या रात्री ते पहिल्यांदा न ओरडता झोपले."