कोनाड्यातलं ताट

बैलानं मांडी फाडली तेव्हा कुशाबाला पुण्याच्या दवाखान्यात रक्त चढवावं लागलं. जुळलं ते फक्त त्याच्या सालगड्याचं, कातकरवाडीतल्या देवूचं. डॉक्टरनं देवूच्या हाताची शीर धरली आणि बाटलीभर रक्त काढून घेतलं.

पंधरा दिवसांनी दोघं एसटीनं पौडला उतरून घरी आले. आईनं कुशाबावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. देवूला अंगणातच बसवलं आणि गोठ्याच्या कोनाड्यातल्या त्याच्या कानतुटक्या कपात वरूनच चहा ओतला.

"आये, आज तरी त्याला घरातला कप दे," कुशाबा म्हणाला. "त्याचं रगत हाय माज्या अंगात. त्याच्यामुळं वाचलो."

आईला हे ठाऊक नव्हतं. चहाचं पातेलं हातात धरून ती लेकाकडं बघत राहिली. मग आत गेली.

दुपारी कुशाबाचं ताट चुलीपाशी नव्हतं. गोठ्यात वाढलेलं होतं.

"आये, मी तुजा ल्योक हाय."

"व्हय. म्हून तर उपाशी ठेवला न्हाई," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "जेवलास की ताट तुजं तूच घास आन् कोनाड्यात ठेव. घरात आणू नगं."

कुशाबा खाली मान घालून जेवला. ताट घासून कोनाड्यापाशी गेला. तिथं देवूचा कप होता. त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली, काठीनंच तो कप पार कडेला सरकवला आणि मग आपलं ताट ठेवलं.